बावीसचा आकडा

वर्ना लाहतीइतकी भित्री बाई मी थंडर बेमध्ये दुसरी पाहिलेली नाही, आणि मी इथे जन्मापासून राहते. आमच्या ऑफिसात आठ माणसं. संध्याकाळी सात जण कोट चढवून चालू पडायचे. वर्ना मागे राहून कॉफीच्या यंत्राची पिन काढ, प्रिंटरची काढ, खिडकीखालच्या हीटरला हात लावून बघ, असं करत बसायची. एवढं करून गाडीपर्यंत गेली की एकदा परत यायची. "अगं काढलीये पिन, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" असं मी बर्फात उभी राहून ओरडायचे. मी तिला तोंडावर भित्री भागूबाई म्हणायचे. ती हसायची आणि तरीही परत जायचीच.

तिचा बाप कागदगिरणीत वायरमन होता. वर्ना सात वर्षांची असताना तो एके दिवशी भुवया जळालेल्या तोंडाने घरी आला, जेवायला बसला आणि माशाचं सूप नुसतं ढवळत राहिला. चमचा काही तोंडाकडे जाईना. एवढंच झालं. पुढे तो चांगला म्हातारा होऊन मेला, पण वर्नाच्या मनातून ते जेवण गेलं नाही. मग अशा बाईने विजेच्या कामात पडावं तरी कशाला? मी तिला विचारलं होतं.

"कागदावरची वीज चावत नाही ना, लुसिया," ती म्हणाली.

विसाव्या वर्षी ती पेन्सिल घेऊन नकाशे काढायला लागली. मग कॉम्प्युटर आला, मग अख्खी इमारतच कॉम्प्युटरमध्ये उभी करायची पद्धत आली. ती सगळं शिकली, आमच्या तरण्या पोरांच्या आधी शिकली. सदतीस वर्षांत तिने शेकडो पॅनल आखली. पण खरं पॅनल, दार उघडलेलं, आत तांब्याच्या पट्ट्या दिसताहेत असं, तिने एकही पाहिलं नव्हतं. साइटवर गेली की विजेच्या खोलीच्या बाहेर, कॉरिडॉरमध्ये उभी राहून आतल्याशी बोलायची.

आता काम कसं चालतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सॉफ्टवेअरमधल्या इमारतीत एखादं यंत्र ठेवलं की त्याला वीज किती लागते ते भरावं लागतं. थ्री फेजचं यंत्र असेल तर सॉफ्टवेअर विचारतं, भार समतोल की असमतोल? समतोल म्हटलं की एकच आकडा द्यायचा, तो तिन्ही फेजवर सारखा पडतो. असमतोल म्हटलं तर तीन आकडे वेगवेगळे भरत बसायचं. शेवटी पॅनलच्या तक्त्यात तळाशी तीन बेरजा येतात. आमचा साहेब ग्लेन, ज्याच्या शिक्क्याशिवाय नकाशा बाहेर जात नाही, तो आधी त्या तीन बेरजा बघायचा. सारख्या असल्या की गडी खूश. "तिन्ही भावंडांना सारखं वाढलंस बघ," म्हणायचा आणि शिक्का मारायचा. बेरजा वरखाली असल्या की तोंड वाकडं करून तक्ता परत पाठवायचा. त्यामुळे आमच्याकडे समतोल ही खूण जरा सैल हातानेच पडायची. जुन्या कामातलं यंत्र उचलायचं, नव्या कामात टाकायचं, आणि त्याच्यावरची खूण तशीच राहू द्यायची. सगळेच करायचे.

माझं काम हवा आणि उष्णतेचं. यंत्रं मी निवडते. माझ्या तक्त्यातून विजेचे आकडे वर्नाकडे जातात. त्या तक्त्यात विजेसाठी रकाना एकच होता. तो तक्ता मी बनवलेला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी गुलाबी लेप लावलेले पर्शियन पाव घेऊन आले. वर्नापुढे डबा धरला. तिने पावाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या पडद्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक उघडं होतं.

"लुसिया, बर्च पॉइंटला आपण हेच यंत्र घातलं होतं ना?"

बर्च पॉइंट म्हणजे गावाच्या पश्चिमेला बांधलेलं वृद्धांचं घर. चौसष्ट म्हातारी माणसं. ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. बाहेरची हवा आत घेऊन तापवणारी सहा यंत्रं मी तिथे निवडली होती.

"हो, हेच. का?"

"हे बघ." तिने बोट ठेवलं. पहिल्या फेजला तीस अँपिअर, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला सहा. हीटर सगळा पहिल्या दोन तारांवर, तिसरीवर फक्त पंख्याचा थोडा वाटा. "मी हे यंत्र आता नव्या शाळेत टाकत होते. म्हटलं, एकदा पत्रक बघावं. बर्च पॉइंटला मी समतोल टाकलंय. प्रत्येक फेजवर बावीस."

मी डबा खाली ठेवला. तीस, तीस आणि सहा मी पाहिलेले होते, दीड वर्षापूर्वीच. रकाना एकच होता म्हणून मी तिन्हींची बेरीज करून तीनने भागलं होतं. सहासष्ट भागिले तीन, बावीस. मी तो आकडा भरला, मेल पाठवली आणि जेवायला गेले.

वर्नाने कागदावर मांडून दाखवलं. सहा यंत्रं, प्रत्येकी बावीस, म्हणजे एकशे बत्तीस. बाकीचा भार अठ्ठेचाळीस. एकूण एकशे ऐंशी. मुख्य ब्रेकर दोनशे पंचवीसचा. छान. पण खरे आकडे घेतले तर पहिल्या दोन फेजवर तिसाप्रमाणे एकशे ऐंशी आणि वर अठ्ठेचाळीस. दोनशे अठ्ठावीस.

"अगं पण तीन महिने चाललंय ना सगळं," मी म्हटलं.

"तीन महिन्यांत सहाची सहा यंत्रं एकदम पूर्ण जोराने चाललीच नसतील. तेवढी थंडी कुठे पडली होती?" तिने खिडकीकडे पाहिलं. "आज दुपारी उणे अडतीस होणार आहे."

मी पुढे जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, ग्लेन साइटवर गेलाय, रस्त्यात त्याचा फोन लागत नाही, तो उद्या येईल, त्याच्याशी बोलू. म्हटलं, ब्रेकर असतो कशाला, फार तर पडेल, पुन्हा चढवतील. म्हटलं, "तू आता तिकडे फोन केलास ना, की चूक कबूल केल्यासारखंच आहे. लेखी नसलं तरी. दहा आठवड्यांनी रिटायर होतेयस, जरा डोकं शांत ठेव."

"पुन्हा चढवतील? वारंवार चढवत राहिले तर? जोडणी तापली तर? लुसिया, लाकडी बांधकाम आहे ते. आणि नाही पेटलं काही, नुसतं बंद पडलं, तरी उणे अडतीसमध्ये चौसष्ट म्हातारे. काहींना तर अंथरुणातून उठता येत नाही."

तिचे ओठ पांढरे पडले होते. ती बाथरूमला गेली आणि बराच वेळ आली नाही. मला आतून ओकारीचा आवाज आला. मी जागेवर बसून पर्शियन खाल्ला. चव लागली नाही, पण खाल्ला.

मला वाटलं, घाबरली आहे, आता बसेल मूग गिळून. ती बाहेर आली, तोंड पुसलं आणि बर्च पॉइंटला फोन लावला. तिथला देखभालीचा माणूस सुट्टीवर होता. फोनवरच्या पोरीला पॅनल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मग वर्नाने ऑर्व्हिलला फोन केला. त्या इमारतीची सगळी वायरिंग ऑर्व्हिलने केलेली.

"ऑर्व्हिल, मी वर्ना लाहती. बर्च पॉइंटचा भार मी चुकीचा धरलाय. मुख्य पॅनलवर आज जास्त पडणार आहे. तू आत्ता येऊ शकशील का?"

अशी एका दमात बोलली. पलीकडून ऑर्व्हिल काहीतरी म्हणाला. "नाही, मस्करी नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माझे पाय लटपटताहेत, मला गाडी चालवता यायची नाही. तू नेशील?"

इंजिन गोठू नये म्हणून माझी गाडी मी हीटरच्या वायरला जोडून ठेवली होती, म्हणून सुरू तरी झाली. वाटेत वर्ना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "धूर दिसतोय का बघ." गावावर त्या दिवशी प्रत्येक धुरांड्यातून धूर सरळ वर जात होता, तेव्हा दर घराशी ती मान वळवून बघत होती. घाबरले मीही होते. पण माझी भीती वेगळी होती. ती म्हाताऱ्यांसाठी घाबरली होती. मी त्या मेलसाठी.

बर्च पॉइंटच्या दारातच तीन स्वेटर घातलेली एक आजी चाकाच्या खुर्चीत बसली होती. आमच्या मागे ऑर्व्हिल पेटी घेऊन आला तसं तिने विचारलं, "आज वीज जाणार की काय गं?"

"जाऊ नये म्हणूनच आलोय," वर्ना म्हणाली.

"मग लवकर आवर बाई. माझ्या खोलीतले दिवे सकाळपासून मिचमिचतायत."

ते ऐकून आम्ही तिघंही जवळजवळ धावलोच. विजेच्या खोलीचं दार ऑर्व्हिलने उघडलं आणि गरम, जळकट वास आला, नव्या प्लास्टिकचं भांडं गॅसजवळ राहावं तसा. वर्ना सवयीप्रमाणे कॉरिडॉरमध्येच थांबली. ऑर्व्हिलने मोठे हातमोजे चढवले, तोंडावर काच ओढली आणि पॅनलचा पत्रा काढला.

"बाप रे. ब्रेकर तव्यासारखा तापलाय," तो आतून म्हणाला. मग पकडीचं मीटर एकेका तारेला लावत गेला. "पहिली, दोनशे सव्वीस. दुसरी, दोनशे सत्तावीस. तिसरी..." तो थांबला. "चौऱ्याऐंशी. हे काय वाढून ठेवलंय बाई तुम्ही?"

"दोन यंत्रं बंद कर," वर्ना म्हणाली. "आधी उत्तरेकडची दोन."

"कुठला ब्रेकर कुठल्या यंत्राचा, ते इथल्या यादीत धड नाहीये. तुझ्याकडे आहे ना नकाशा? ये आत, दाखव."

वर्नाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आठवला की अजून मला कसंतरी होतं. लहान मूल डॉक्टरच्या दारात जसं थबकतं तशी ती उंबऱ्यावर थबकली होती. मी म्हणू शकले असते, आण तो नकाशा, मी दाखवते. यंत्रं माझीच होती, कुठली कुठे ते मलाही ठाऊक होतं. पण त्या उघड्या तांब्याजवळ जायची माझी छाती झाली नाही.

"दार धरून ठेव, लुसिया. बंद होऊ देऊ नकोस," ती म्हणाली आणि आत गेली.

ऑर्व्हिलने जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवर, पॅनलपासून हाताच्या लांबीवर, ती जीव मुठीत धरून उभी राहिली. पण आवाज हळूहळू ऑफिसातला झाला. "अठरा नंबर बंद. आता चोवीस." खटका पडला, पुन्हा खटका. ऑर्व्हिलने मीटर लावलं. एकशे अडुसष्ट. मी दाराला टेकून श्वास सोडला. वर्नाने सोडला नाही.

"दोन यंत्रं बंद ठेवून संध्याकाळपर्यंत इथली माणसं गारठतील," ती म्हणाली. "ऑर्व्हिल, तारा सरकवून भार तिन्ही फेजवर सारखा वाटायचा. दोन यंत्रं आहेत तशी ठेव. दोन यंत्रांच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकव. उरलेल्या दोन यंत्रांच्या दोन-दोन घरं. क्रम मोडू नकोस, नुसतं सरकव, म्हणजे पंखे उलटे फिरायचे नाहीत."

ऑर्व्हिलने काच वर करून तिच्याकडे पाहिलं. "हे तू कधी बांधलंस मनात?"

"गाडीत."

तीन तास लागले. एका वेळी एक यंत्र बंद करायचं, तारा सरकवायच्या, पुन्हा चालू. कॉरिडॉर थंड पडत गेला. आयांनी म्हाताऱ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये एकत्र आणून पांघरुणं दिली. वर्ना त्या रेषेवरून हलली नाही. शेवटचं यंत्र चालू झालं तेव्हा ऑर्व्हिलने तिन्ही तारांना मीटर लावलं. एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. एकशे ऐंशी. सॉफ्टवेअरमध्ये दीड वर्षापूर्वी जे लिहिलं होतं, तेच. वर्ना भिंतीला पाठ घासत खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. ऑर्व्हिलने हातमोजे काढले आणि पेटी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनने आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. रागाने त्याचा आवाज उलट खाली गेला होता. त्याचा शिक्का त्या नकाशावर होता, आता इंजिनियरांच्या संघटनेला सगळं लेखी कळवावं लागणार होतं. माझ्या पाचावर धारण बसली होती.

"पत्रक कुणी पाहिलं नाही?" त्याने विचारलं.

"मी नाही पाहिलं," वर्ना म्हणाली. "समतोल मीच टाकलं."

"आणि बावीस? हा बावीसचा आकडा आला कुठून?"

वर्नासमोर पाण्याचा पेला होता. तिने तो उचलला आणि प्यायली, सावकाश. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्याच्यावर गोठलेल्या सरोवराचं चित्र होतं आणि मी त्यातली झाडं मोजत होते.

"माझ्याकडूनच गेला तो," वर्ना म्हणाली. "मी तपासायला हवा होता."

ग्लेनने तिला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. हाकललं नाही, पगारी रजा लावली, पण तिने उघडलेली सगळी कामं दुसऱ्यांना दिली. मार्चमध्ये तिची रिटायरमेंट झाली ती कागदावरच. केक नाही, भाषण नाही. सदतीस वर्षांची पेन्सिलीची डबी मी तिच्या घरी नेऊन द्यायची होती. ती मी टपालाने पाठवली. तिची जागा मोकळी झाल्यावर ग्लेनने नवीन नियम केला की प्रत्येक यंत्राचे तीन आकडे तीन रकान्यांत भरायचे, आणि तो तक्ता नव्याने बनवायचं काम मला दिलं. वर म्हणाला, "तुझ्यासारखं चोख माणूस हवं त्याला." मी मान हलवली. ती जुनी मेल कुणी पुन्हा उघडून पाहिली नाही. बावीसचा आकडा माझा होता, हे ग्लेनला आजही माहीत नाही.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर मात्र मला राहवेना. वर्नाचा सरोवराकाठी बापाच्या वेळचा कॅम्प, म्हणजे सुट्टीतलं लाकडी घर आहे, एक खोली आणि एक सौना, वाफेचं न्हाणीघर. मी गेले तेव्हा ती सौनासाठी लाकडं फोडत होती. तिने मला मिठी मारली, बर्च पॉइंटच्या त्या तीन स्वेटरवाल्या आजीने त्याच हिवाळ्यात विणायला घेतलेले पायमोजे आता कुठे पाठवलेत म्हणून दाखवले, कॉफी केली. तिथे वीज नाही, कॉफी चुलीवर. अर्धा तास आम्ही माशांविषयी बोललो. मग मी बोलून टाकलं.

"वर्ना, मेल माझी होती. तुला माहीत होतं."

"हो."

"मग ग्लेनपुढे माझं नाव का नाही घेतलंस? मी तर पार मेले होते भीतीने. तू एक शब्द बोलली असतीस तर..."

"घेणार नव्हतेच मी. ते तू घ्यायचं होतंस." तिने माझ्या कपात कॉफी ओतली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तो सोसेना. "मी थांबले होते, लुसिया. ग्लेनने विचारलं तेव्हा मी पाणी प्यायले ना? मला तहान नव्हती. म्हटलं, लुसिया घाबरलीये, तिला जरा वेळ हवाय. जेवढं हळू पिता येईल तेवढं प्यायले."

"मग?"

"मग पेला संपला," वर्ना म्हणाली आणि साखर पुढे सरकवली.